सहाव्या खेपेला पास

हॉस्पिटलने माझ्या मुलीला फसवलं. ती तेव्हा चार दिवसांची होती.

दुसऱ्या दिवशी पाचवी पुजायची होती. सासूबाई त्यासाठीच साताऱ्याहून आल्या होत्या. इथे आखातात, अल नहदाच्या आमच्या फ्लॅटमधून त्यांचे फोनवर फोन. "जावईबापू, सटवाई काय आता हॉस्पिटलात येऊन लिहिणार आहे का?" डिस्चार्जचे बाकी कागद तयार होते. फक्त कानाच्या तपासणीवर गाडी अडली होती, आणि ती झाल्याशिवाय बाळ घरी न्यायचं नाही, असा नियम मला सांगण्यात आला.

तपासणारी टेक्निशियन केरळची, तिशीतली. तिने बाळाच्या कानात एक बारीक बोंड बसवलं. मशीन आवाज सोडतं. कानाने प्रतिसाद दिला तर पास, नाहीतर रेफर. दोन्ही कान रेफर आले. तिने पुन्हा केलं. पुन्हा रेफर.

"सर, दो बार का रूल है," ती म्हणाली. "अब मैं रेफर लिखूँगी. तीन हफ्ते बाद बड़ा टेस्ट."

मी हॉटेलांच्या स्वयंपाकघरात धुराडी बसवतो. इन्स्पेक्टरने काम नापास केलं की पाय रोवून उभं राहायचं आणि बोलत राहायचं, हे मी इथेच शिकलो. मुहैस्नाहच्या कामगारांच्या कॅम्पातल्या बारा जणांच्या खोलीतून मी वर आलो तो असाच. पहिला नकार हा माझ्या लेखी नकार नसतोच.

"रोकर थकी है वो," मी आवाज चढवला. "दूध पीने दो, फिर करो. मशीन बदलो. यल्ला, जल्दी!"

बायको खाटेवरून म्हणाली, "अहो, त्या नको म्हणताहेत ना? राहू द्या. येऊ तीन आठवड्यांनी."

"तू गप्प बस. यांना सवयच असते चकरा मारायला लावायची."

तिसऱ्या खेपेला उजवा कान पास झाला. मग मी कसला सोडतोय? डाव्याची चौथी खेप, पाचवी खेप. टेक्निशियनने घड्याळ पाहिलं, दाराकडे पाहिलं. "सर, ऐसा नहीं करते."

"लास्ट. इसके बाद एक शब्द नहीं बोलूँगा."

सहाव्या खेपेला डावाही पास. तिने फॉर्मवर दोन्ही कानांपुढे पास लिहिलं, माझ्याकडे न बघता. मी घरी जाताना गाडीत शीळ घालत होतो.

पुढची दोन वर्षं त्या कागदाने आम्हाला कोंडून ठेवलं. मुलगी बोलेना. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवरून सांगितलं, पाठीमागे ताट वाजवून बघा. ताट वाजलं की ती मान वळवायची, पण हाक मारली की नाही. मोठा मुलगा म्हणायचा, "बाबा, शी इग्नोअर्स मी." बालरोगतज्ज्ञ कागद बघायचे आणि म्हणायचे, ऐकू तर येतंय, घरी मराठी, बाहेर हिंदी, भाऊ इंग्रजी बोलतो, मग उशीर व्हायचाच. दुसऱ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. कागद मीच फोनमध्ये ठेवला होता. कुणी शंका काढली की मीच पुढे करायचो.

शेवटी बायकोने मला न विचारता मोठी टेस्ट करून आणली. दोन्ही कान अधू. मोठे आवाज पोचतात, बोलणं पोचत नाही. कानाची डॉक्टर म्हणाली, "एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारला की मशीनही कधीतरी चुकून हो म्हणतं. म्हणून तर दोनदाच विचारायचं असतं." गेलेली दोन वर्षं भाषा शिकायची होती, हेही तिनेच सांगितलं.

आता मुलीच्या कानात यंत्रं आहेत. ती उपटून सोफ्याखाली टाकते. आम्ही पोटावर पालथे पडून शोधतो.

गेल्या महिन्यात मी हॉस्पिटलच्या तक्रार विभागात गेलो. बिनखिडकीची खोली, थंडगार. समोरच्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. दोन्ही कान पास. किती वेळा तपासलं? त्याची नोंदच नाही. मशीन शेवटचा निकाल तेवढा ठेवतं. टेक्निशियन नोकरी सोडून गेलेली. म्हणजे सहा खेपांचे साक्षीदार आम्ही नवराबायकोच, आणि साक्ष द्यायची तर खेपा कुणी करवल्या हेही सांगायला हवं.

तक्रारीचा फॉर्म घरी आणला. आठ दिवस तो जेवणाच्या टेबलावर पडून होता. बायको त्याच्यावर ताटं ठेवायची नाही, उचलायचीही नाही. मग एकदा म्हणाली, "लिहा ना. सगळ्यांशी भांडता, स्वतःशी भांडायला काय होतं?"

लिहिलं. मी ओरडलो, मी दमात घेतलं, बायकोला गप्प बसवलं, सगळं लिहिलं. बाप म्हणून माझा गुन्हा मी कबूल करतो, तो माझ्याकडून कुणी काढूनही घेऊ नये. पण मला कानाच्या तपासणीतलं काही कळत नव्हतं, आणि हॉस्पिटलला कळत होतं. दोनदाच तपासायचं हा नियम त्यांचा होता. एका ओरडणाऱ्या माणसासमोर तो नियम धरून उभं राहायला त्यांनी त्या बाईला एकटीला का सोडलं? तिच्या पाठीशी कोण होतं? आधीच्या नापास खेपा नोंदीतून कुणी गाळल्या? "तक्रार विचाराधीन" हे मला उत्तर म्हणून चालणार नाही. ज्याच्या सहीने तो कानतपासणीचा विभाग चालतो त्याने माझ्या मुलीसमोर बसावं आणि तिला समजेल असं, सावकाश, सांगावं.