गप्पी माशांचा पाहुणचार

आमच्या गल्लीत तिला गप्पीमावशी म्हणतात. डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे पिशवीत घेऊन ती दारोदार हिंडते, म्हणून. आणि दारात उभी राहिली की आतलं दूध उतू गेल्याशिवाय हलत नाही, म्हणूनही. रंगमंचावर मी एकाहून एक प्रवेश पाहिले, स्वतः टाळ्याही घेतल्या, पण हिची सर कुणाला नाही. आधी आवाज यायचा, मग पिशवी, मग ती.

"फुलदाणी उपडी करा! फ्रिजमागचा ट्रे पाहिलात का?"

"मावशी, चहा तरी पिऊ द्या."

"प्या की! डास तुमचं रक्त पितात, त्यांना कुठं अडवता?"

पोटापाण्याला ती शिवणकाम करते. शेजारणीला डेंगीने नेलं, तेव्हापासून मशीन कमी आणि पाय जास्त चालू लागले. तिच्या धाकाने गल्लीने टायर हलवले, पिंपं घासली, त्यांना फडकी बांधली. राहिला फक्त लाँड्रीवाल्या काकांचा उघडा हौद. नळाला पाणी येतं ते लहरीप्रमाणे. हौद उपसला तर धंदा बसला. आणि हौद नेमका मावशीच्या खिडकीखाली. आत तिची लेक, पोटुशी. मावशीने हौदात मासे सोडले, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

काका म्हणजे देवमाणूस. बायको गेल्यापासून एकटेच. माशांचा त्यांना लळा लागला.

आणि एक दिवस मावशीच्या लेकीला ताप भरला, तपासणीत डेंगी निघाला. तिला दवाखान्यात ठेवून मावशी कपडे न्यायला आली आणि तडक हौदाशी गेली. मीही मागोमाग गेलो. वर अळ्या वळवळत होत्या. खाली मासे, जेवण जड झालेल्या व्याह्यांसारखे सुस्त.

"काका, यांना काय घालता?"

"पाव," काका कौतुकाने म्हणाले. "कुस्करून. सकाळ-संध्याकाळ."

"अहो, त्यांनी अळ्या खायच्या होत्या!"

"म्हणून काय उपाशी ठेवू? तुम्ही पाठवलेले पाहुणे ना ते?"

चावलेला डास कुठला, हे कोण सांगणार? आणि माया केली म्हणून माणसाला बोल तरी कसा लावायचा? मावशीने घरात जाऊन कपड्यांची पिशवी भरली आणि निघाली.

पुढे मी डबा घेऊन दवाखान्यात गेलो, तेव्हा डॉक्टर मावशीला सांगत होते, "यावर खास औषध नाही. पाणी पाजत राहा. आणि ताप उतरला म्हणून गाफील राहू नका. खरी काळजी तेव्हाच. अंगावर लाल ठिपके दिसले तर लगेच सांगा."

ते गेले आणि काका आले, हातात इस्त्रीच्या चादरी. त्यांनी लेकीच्या कपाळावर हात ठेवला आणि चेहरा उजळला.

"उतरला की ताप! मावशी, सुटलो आपण!"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"हो काका. बसा," ती म्हणाली.

काका बसले. पाव बंद केल्यापासून मासे कसे रुसलेत, ते रंगवून सांगू लागले. मावशी हुंकार देत राहिली. लेकीची बाही वर सरकवून, तिच्या दंडावर कुठे लाल ठिपका उमटतोय का, ते बघत राहिली.