धाकट्या बाईंचा तास

माझी धाकटी जाऊ आणि मी एकाच शाळेत इंग्रजी शिकवतो. घरी ती मला ‘ताई’ म्हणते. शाळेत पोरं मला ‘मोठ्या बाई’ म्हणतात आणि तिला ‘धाकट्या बाई’. हल्ली त्यांना धाकट्या बाईच लागतात. लागणारच! तिच्याकडे ती व्हीआरची डबडी आहेत ना. डोळ्यांवर चढवली की समोर स्टेशन, दुकान, दवाखाना. तिथली माणसं इंग्रजीत विचारतात आणि पोरं धडाधड उत्तरं देतात. मी जन्मभर क्रियापदाचे काळ घोटून घेतले, तर माझ्या तासाला जांभया!

तशी ती साधीच. भाजीत मीठ किती घालू, हेही अजून मला विचारते. वर्गात तिचं इंग्रजी चुकतं, पण चुकली की खो खो हसते आणि बोलत सुटते. पोरं जीव टाकतात तिच्यावर. जळते मी, सरळ सांगते.

त्यात मुख्याध्यापक म्हणाले, “ज्यांना हेडसेट जमेल, दहावी त्यांच्याकडे.” अहो, दहावी माझी! इतकी वर्षं माझीच. ती काय हिच्या घशात घालायची?

मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात मी डबडं चढवलं. तिकीट खिडकीतल्या माणसाने इंग्रजीत विचारलं, कुठे जायचंय? मला इंग्रजीत कधी कोणी काही विचारलंच नव्हतं. प्रश्न मीच विचारायची, उत्तरही फळ्यावर मीच लिहायची. तो पुन्हा पुन्हा विचारतोय आणि मी आपली “येस सर, येस सर” करत घाम पुसतेय.

हसण्याचा आवाज आला म्हणून डबडं काढलं. वर्ग भरलेला! मला दिसत होतं ते सगळं भिंतीवरच्या पडद्यावरही दिसत होतं.

दारात धाकटी उभी. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पोरांवर खेकसली, “दात काय काढताय? घाबरलेला प्रवासी करून दाखवा, असं मीच सांगितलं होतं मोठ्या बाईंना. बोला, त्यांच्या जागी तुम्ही काय म्हणाल?” पटापट हात वर झाले.

दहावी तिलाच मिळाली. एरवी मी मुख्याध्यापकांच्या टेबलावर हात आपटून भांडले असते. आता कोणत्या तोंडाने भांडू? वर घरी सासूबाई म्हणतात, जाऊ असावी तर अशी. एकदा तरी वाईट वागायचं होतंस गं बाई, मला सुखाने जळता तरी आलं असतं!