योबेलाचं वर्ष आणि दुधनीचं रान

राजाबाई सोलापुरात मास्तरीण होत्या. रविवारी चर्चमध्ये त्या मुलांना शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, गोष्टी सांगायच्या. त्यांची लाडकी गोष्ट एकच. बाप वारल्यावर पाच बहिणी इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याच्यापुढं उभ्या राहिल्या, बापाच्या जमिनीत आम्हालाही वतन द्या म्हणाल्या, आणि देवानं त्यांची बाजू घेतली. हे सांगताना बाईंचा आवाज चढायचा.

वडील गेले तेव्हा दुधनीजवळचं रान धाकटा भाऊ शांतवन कसत होता. तो तिथल्या चर्चच्या मंडळीचा पंच. प्रार्थनेला उभा राहिला की लवकर खाली बसायचा नाही. माती झाल्यावर थोड्या दिवसांनी राजाबाईंनी वाट्याचा विषय काढला आणि पाच बहिणींची आठवण करून दिली.

शांतवननं सावकाश चष्मा लावला, शास्त्र उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"अक्का, पुढचं बी वाच की. पोरगा नसंल तरच पोरीला. त्यास्नी भाऊ नव्हता. तुला मी हाय."

ती ओळ तिथं होतीच. बाई गोष्ट सांगताना नेमक्या तिच्या आधी थांबत आल्या होत्या. देवानं पक्ष बदलल्यासारखं वाटून त्या घरी परतल्या.

सोलापुरात वकिलानं सांगितलं की सरकारी कायद्यानं ख्रिस्ती लेकीचा वाटा लेकाइतकाच. पण सख्ख्या भावाला कोर्टात ओढायला त्यांचं मन धजेना. त्यापेक्षा त्यांनी शास्त्रातले जमिनीचे नियम पहिल्यांदाच नीट, ओळीनं वाचले, शेजाऱ्याचा सात-बारा वाचावा तसे. वाचता वाचता त्यांना हुरूप आला. पुढच्याच आठवड्यात त्या दुधनीला गेल्या.

भाऊबहीण बांधावर बसले. पलीकडं जोतिराम धनगर मेंढरं चारत होता.

"शांतू, शास्त्राप्रमाणं वाटणी करायची तर मला काही नको," राजाबाई म्हणाल्या. "पण मग तुलाही नको. जमीन देवाची, कुणी कायमची विकायची नाही. पन्नासावं वर्ष योबेलाचं, त्या वर्षी विकलेलं रान मूळ घराला परत जातं. आपल्या आजोबांनी हे घेतलं जोतिरामच्या आज्याकडनं, गुंडा धनगराकडनं. पन्नास वर्षं कधीच उलटली."

शांतवननं जोतिरामकडं पाहिलं, मग उभ्या तुरीकडं.

"अक्का, ते इस्राएलातलं. हितं तलाठी हाय."

"मग तलाठ्याचंच धरू या."

त्यानं मान डोलावली. शास्त्र मिटलं गेलं, मोजणी झाली, रान निम्मं-निम्मं झालं. बाईंचा निम्मा भाग अजून शांतवनच बटईनं कसतो, पण उताऱ्यावर नाव त्यांचं आहे.

मोजणीचे दगड रोवले त्या दिवशी जोतिराम बाईंजवळ आला. बहीणभावाचं बांधावरचं बोलणं वाऱ्यावर त्याच्या कानावर गेलं होतं.

"बाई, ते पन्नास वर्साचं खरं हाय का? पुस्तकात लिवलंय व्हय?"

"लिहिलंय," त्या म्हणाल्या. मग तोंडातून भावाचंच वाक्य आलं. "पण ते इस्राएलातलं, जोतिराम."

बोलताना त्यांचे कान तापले.

"व्हय," जोतिराम म्हणाला. "मला वाटलंच. शास्त्र लई लांबचं आसतंय." आणि तो मेंढरांमागं गेला.

रान काही राजाबाईंनी दिलं नाही. तेवढं धाडस त्यांच्यात नव्हतं. मात्र आपल्या वाट्याच्या एका कोपऱ्यातलं पीक कापायचं नाही, गरिबाला सोडायचं, असं त्यांनी शांतवनला बजावलं. हेही शास्त्रातच आहे. शांतवननं कोपरा सोडला, रस्त्याकडचा, सगळ्यात खडकाळ. तिथली ज्वारी गुडघ्याच्या वर कधी येतच नाही. मंडळीत तो या दानधर्माबद्दल उभा राहून देवाचे आभार मानतो.

जोतिरामची मेंढरं तिथं चरतात. त्यानं स्वतः कधी कुणाचे आभार मानलेले नाहीत, आणि राजाबाईंना तेच बरं वाटतं.