मेसचं स्वराज्य

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आखातात, अल क्वोजच्या कामगार-कॅम्पात दीड-दोनशे कोकणी गवंडी-सुतार आणि आम्ही चौघे शिकलेले: टाइमकीपर मी, एक स्टोअरकीपर, एक क्लार्क आणि एक ड्राफ्ट्समन. कंपनीच्या मेसमध्ये रोज डाळ आणि खुबूस, म्हणजे तिथली जाड रोटी. माणसं भात-माशासाठी तळमळत होती. एका म्हाताऱ्या सुताराला तर खुबूस घशाखाली उतरेना. पँट दोरीने बांधायची वेळ आली बिचाऱ्यावर.

मी पडलो इतिहासाचा बी.ए.! जुन्या पुढाऱ्यांनी अर्ज करकरून इंग्रज सरकारकडून कौन्सिलं कशी मिळवली, सगळं तोंडपाठ. म्हटलं, आपली मेस आपण चालवू. कॅम्पचा मॅनेजर गोरा, तेव्हा अर्जही फर्मास इंग्रजीत ठोकला.

साहेबाने आधी सल्लागार कमिटी दिली. मत आम्ही द्यायचं, ठरवायचं त्यानेच. दुसऱ्या अर्जाला स्वयंपाकघर आमचं झालं, पण कोठीची किल्ली त्याच्याचकडे. म्हणे, "तुमचे लोक अजून तयार नाहीत." असा संताप आला! तिसऱ्या अर्जाला किल्लीही आली. मी चक्क भाषण केलं, टाळ्याही पडल्या.

मग कमिटी बसली. कमिटी म्हणजे आम्हीच चौघे. ड्राफ्ट्समन पुण्याचा, शाकाहारी. त्याला मासळीचा वास आमच्या एसी खोलीत येईल ही धास्ती. ठरलं, मासे टप्प्याटप्प्याने. आमच्या टेबलावर बासमती मात्र लगेच आला, कारण कामाचा ताण आमच्यावर ना! कुणीतरी निवडणुकीचं काढलं. मी म्हणालो, "लोक अजून तयार नाहीत." तेव्हा लाजही वाटली नाही, आता वाटते.

म्हातारा रोज विचारायचा, "भाऊ, बांगडा कधी?"

"इन्शाल्ला," मी म्हणायचो.

दोन महिन्यांनी तो आमच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. "भाऊ, एक अर्ज लिवून द्या. इंग्रजी तुमालाच येतं."

"कुणाला?"

"गोऱ्या सायबाला. मेस परत घे म्हणावं."

"अहो, तो तरी कुठे मासे देत होता?"

"नव्हता देत. पण नाय म्हणून तोंडावर सांगायचा."

अर्ज मी लिहिला, अगदी मन लावून लिहिला. पण साहेबाकडे जाणारा कागद कमिटीच्या सहीनेच जायचा, आणि सही करणारा मी. महिन्याभराने व्हिसा संपून म्हातारा गावी गेला, तेव्हा तो अर्ज माझ्याच ड्रॉवरमध्ये होता.