कचरू मापाडी आणि विमानाचे वजन

जाधववाडीच्या बाजार समितीत कचरू साळवे यांनी चौतीस वर्षे मापाडी म्हणून काम केले. शेतकऱ्याचा माल तोलायचा आणि आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा पुकारायचा, एवढेच ते काम. पण त्यात त्यांनी दोन नियम कधी मोडले नाहीत. शिक्क्याचे वजन ठेवून काटा तपासल्याशिवाय मालाला हात लावायचा नाही, आणि आकडा थरथरत असेल तोवर तोंड उघडायचे नाही. पहिल्या पोत्याला ते ‘एक’ म्हणत नसत. जुन्या रिवाजाप्रमाणे ‘लाभ’ म्हणत आणि मग दोन, तीन असे पुढे जात.

निवृत्त होऊन दीड वर्ष झाले, आणि मे महिन्यातल्या एका रविवारी त्यांच्या मुलीने त्यांना विमान तोलायला बोलावले.

विशाखा शेंद्र्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर होती. तिने आणि तिच्याबरोबर काम करणाऱ्या राजकुमारने मिळून दोन माणसांच्या छोट्या विमानाचे सुटे भाग पेट्यांतून मागवले होते. बिडकीनजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये, चार वर्षे, सुट्टीचा एकेक दिवस घालून त्यांनी ते जोडत आणले. उडवण्याचा परवाना तिने त्याआधीच मिळवला होता. आता एकच गोष्ट उरली होती. भागांबरोबर आलेल्या पुस्तकात रिकाम्या विमानाची मर्यादा दोनशे ऐंशी किलो दिली होती. मंगळवारी तपासणीला अधिकारी येणार होते. वजन त्याच्या आत बसले तर उड्डाण, नाही तर सगळे पावसाळ्यानंतर.

“चौतीस वर्षं ज्वारी तोलली, आता पाखरू तोला,” गीताबाईंनी छावणीतल्या घरातून निघताना नवऱ्याला टोमणा मारला.

“पाखराला बी वजन असतंच की,” कचरू म्हणाले आणि टोपी नीट करून टेम्पोत बसले. जुन्या सोबत्यांकडून त्यांनी तीन इलेक्ट्रॉनिक काटे मागून आणले होते, शिवाय वीस-वीस किलोची शिक्क्याची वजने.

शेडमध्ये पोचल्यावर त्यांनी आधी पाणीसुद्धा घेतले नाही. तिन्ही काटे जमिनीवर समपातळीत लावले, एकेकावर वजने चढवून-उतरवून पाहिली. मग तिघांनी मिळून विमान पुढे ढकलले. पुढचे चाक एका काट्यावर, मागची दोन उरलेल्या दोघांवर.

“लाभ,” कचरूंनी पुढच्या चाकावर बोट ठेवले. “दोन. तीन.”

राजकुमारने तिन्ही आकड्यांची बेरीज केली आणि मोबाइल उंचावला. “दोनशे एकोणऐंशी किलो सहाशे! काका, बसलं की आत!”

कचरू काट्याच्या शेवटच्या आकड्याकडे पाहत होते. तो दोनवर जाई, आठवर येई, पुन्हा चारवर. उकाड्यामुळे शटर उघडे होते आणि बाहेरच्या मोकळ्या रानातून वारा थेट आत येत होता.

“म्या अजून आकडा बोललो का?” त्यांनी विचारले. “पोतं वाऱ्यानं हलकं व्हत नाय. याला पंख हायेत. हे काट्यावर नीट बसंना. शटर वढ.”

विशाखाने कपाळावर हात मारला. बंद जागेत वजन करा, हे पुस्तकात ठळक छापले होते. तिने ते दोनदा वाचलेही होते. शटर खाली आले. आकडे जागच्या जागी थांबले. या वेळी कचरूंनीच पुकारले, पण आवाज नेहमीपेक्षा खालचा होता.

“दोनशे सत्त्याऐंशी.”

सात किलो जास्त. राजकुमार एका पेटीवर मटकन बसला. “रंग खरवडायचा म्हटलं तरी आठ दिवस जातील. मघाचाच आकडा लिहिला तर, काका?”

“तो आकडा वाऱ्याचा व्हता. वाऱ्याला घेऊन ये सहीला.”

विशाखा हसली, पण हसू ओठांवरच राहिले. कचरूंनी तिच्याकडे हात पुढे केला. “कशाचं किती वजन, ते तू लिवून ठिवलं असशील. माझीच पोरगी हायेस. आण.”

तिने वही दिली. ते बोट फिरवत वाचू लागले. इंजिन, चाके, पंखा, टाकी, रेडिओ, अगदी पट्ट्यांचे बक्कलसुद्धा ग्रॅमपर्यंत नोंदलेले. फक्त एका ओळीपुढची जागा कोरी होती. आसने.

दोन वर्षांपूर्वी ही आसने कचरूंनीच दिली होती. भागांबरोबर आलेला फोम त्यांना दरिद्री वाटला होता. औरंगपुऱ्यात पिंजाऱ्यापुढे बसून, कापूस निवडून, त्यांनी पाठीसकट दोन चांगल्या जाड गाद्या भरून घेतल्या होत्या. लेकीची पाठ दुखू नये, एवढाच विचार.

“हे कोरं कसं?”

“राहून गेलं असेल, अप्पा.”

“तुझं काही राहत नाय.”

विशाखाने आसनांकडे पाहिले. “तुम्ही दिलेल्या वस्तूला काटा लावायचा का?”

“लावायचा! मंग चौतीस वर्षं म्या काय केलं?”

त्यांनी स्वतःच गाद्या उपसून काढल्या. काटा पुन्हा तपासला. “लाभ. पाच किलो शंभर. दोन. पाच किलो दोनशे.” क्षणभर ते त्या गाद्यांकडे पाहत राहिले. कान गरम झाल्याचे त्यांचे त्यांनाच जाणवले. मग ते मोठ्याने हसले. “बापानंच पोरीला खाली बशिवलं व्हतं की गं!”

मूळचा फोम टेबलाखालच्या खोक्यात तसाच पडून होता. एकेक आसन अकराशे ग्रॅमचे. ते बसवून, शटर बंदच ठेवून, विमान पुन्हा काट्यांवर चढवले. कचरूंनी आकडा स्थिरावू दिला. मग अडतीच्या दारात पुकारत तसे, पत्रे घुमतील अशा आवाजात म्हणाले, “दोनशे अठ्ठ्याहत्तर किलो नऊशे!”

मंगळवारची तपासणी पार पडली. शनिवारी सकाळी, वारा निजलेला असताना, विशाखा एकटीच विमानात बसली. कचरूंनी येताना दोन्ही गाद्या आणल्या होत्या. मुरमाच्या धावपट्टीच्या कडेला, बाभळीखाली त्या अंथरून नवराबायको बसली.

“गादी झ्याक झालीय,” गीताबाई म्हणाल्या. “घरात का नाय दिली इतके दिस?”

उत्तर द्यायला वेळ नव्हता. विमान धावत आले, चाकांखालची धूळ तुटली आणि ते वर गेले. गीताबाईंनी नवऱ्याचे मनगट पकडले. विमान बिडकीनच्या बाजूला वळले, लहान होत गेले, रुंद वळण घेऊन पुन्हा त्यांच्या डोक्यावर आले. इंजिनाचा आवाज एकसारखा होता. त्यात कुठे थरथर नव्हती. कचरूंनी तो नीट ऐकून घेतला.

“लाभ,” ते म्हणाले.

विमान दुसऱ्या फेरीला वळले.