पुढच्या उजव्या पायाचा नाल

आण्णांना तिथं न्यायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि मी एकदा ठरवलं की ते मोडायची आमच्या घरात कुणाची टाप नाही. पण आण्णा माझे वडील. हा हट्ट मला आलाय तरी कुणाकडून? आठवडाभर भोरच्या घरात जेवायला बसलं की एकच, "शिवऱ्याला कवा न्हेतीस?"

शिवऱ्याला हायवेच्या आतल्या अंगाला घोड्यांच्या शर्यतींच्या इतिहासाचं एक छोटं संग्रहालय निघालंय. तीन खोल्या. आण्णा पुण्याला ज्यांच्या तबेल्यात मोतद्दार होते, त्या मालकांच्या मुलानं ते काढलंय. मोतद्दार म्हणजे घोड्याचं खाणंपिणं, खरारा, दुखणंखुपणं बघणारा माणूस. माझी जाऊ तिथं जाऊन आली आणि आण्णांच्या समोरच बोलून गेली, "एक नाल ठेवलाय काचेत, शर्यतीत पडून मेलेल्या तांबड्या घोड्याचा." हिच्या जिभेला हाड म्हणून नाही. आण्णांचा घास हातातच राहिला.

कारण तो घोडा आण्णांचा. म्हणजे मालकांचा, पण आण्णा त्याला 'माजा तांबडा' म्हणायचे. मी तेव्हा गावी, हिर्डोशीला आईजवळ होते, शाळेत. भर शर्यतीत तांबडा कोसळला, पुढचा पाय मोडला, आणि तिथंच भोवती पडदे लावून त्याला गोळी घातली. आण्णांना जवळ जाऊ दिलं नाही. मालक हातात एक नाल घेऊन आले आणि लांबूनच, चारचौघांत म्हणाले, "पुढचा नाल ढिला होता, ह्यानं बघितला नाही." त्याच दिवशी आण्णांना फाटकाबाहेर काढलं. नाल ठोकायचं काम नालबंदाचं, पण रोज पाय उचलून तो पक्का आहे का बघायचं काम मोतद्दाराचं.

घरी आले तेव्हा आण्णा छातीवर हात ठेवून सांगायचे, "म्या बगितला हुता." काही वर्षांनी म्हणायला लागले, "बगितला आसंल." मग तेही बंद झालं. दारात त्यांनी साधी शेळी बांधू दिली नाही कधी. "माज्या हाताला जनावर लाभत न्हाई," म्हणायचे. आईनं किती समजावलं, पण ती पालथ्या घड्यावर पाणी ओतत होती.

रविवारी दिरांची गाडी मागून घेतली आणि निघालो. कापूरव्होळ मागं पडलं आणि मला नको नको ते सुचायला लागलं. काय लिहिलं असेल तिथं? नावानिशी लिहिलं असेल तर? ह्या वयात हे ऐकायला मी त्यांना स्वतः गाडीतून घेऊन चाललेय, काय म्हणावं मला! उतरताना आण्णांनी माझं मनगट धरलं. "वळख सांगू नगंस."

मालकांचा मुलगा माणूस म्हणून बरा वाटला. पन्नाशीचा, अदबीनं बोलणारा. त्यानं चषक दाखवले, खोगिरं दाखवली, स्वारांचे रंगीत सदरे दाखवले. आण्णा कशाकडं बघेनात. तिसऱ्या खोलीत काचेची पेटी दिसली आणि ते थेट तिच्यापाशी जाऊन उभे राहिले. मी आधी नालाखालची चिठ्ठी वाचून घेतली. आण्णांना सही येते, वाचता येत नाही.

"काय लिवलंय?"

"तांबड्याचा नाल आहे, असं लिहिलंय."

"चार वळीत येवडंच?"

मी त्यांना दाराकडं वळवायला लागले.

"माजी शपत हाय तुला. वाच."

मग वाचलं. "पुढच्या उजव्या पायाचा नाल. मोतद्दाराच्या हलगर्जीपणामुळे हा सैल राहिला आणि आमच्या तबेल्यातला सर्वांत गुणी घोडा आम्ही गमावला." शेवटचे शब्द मी जवळजवळ गिळले. आता हे खाली बसणार, म्हणून एक हात त्यांच्या पाठीमागं धरून ठेवला. पण आण्णांचं नाक काचेला टेकलेलं. ते ऐकत होते की नाही कोण जाणे.

"ह्यो फुडचा न्हाई," आण्णा म्हणाले.

मुलगा हसला. "बाबा, नाल तर नालच की."

"न्हाई. फुडला खूर गोल आसतो, नालबी गोल. ह्यो फुडं निमुळता हाय, बगा. मागल्या पायाचा हाय ह्यो." आवाज चिरकायला लागला होता. "आन् माज्या तांबड्याला मागं नाल नव्हताच! मागल्या खुरांना भेगा हुत्या त्येच्या, खिळा धरत नव्हता. तसाच पळायचा त्यो."

मुलानं आण्णांकडं नीट बघितलं. "तुम्ही कोण?"

"त्येचा मोतद्दार."

पेटीच्या वरच तांबड्याचा फोटो होता, पळतानाचा, मागून काढलेला. मागचा एक पाय उचललेला, तळवा आपल्याकडं. मुलगा चष्मा वर करून बघत राहिला. मीही बघितलं. खुराला लोखंडाचा मागमूस नव्हता.

"पण वडिलांनी स्वतः मैदानातून उचलला होता हा," तो हळूच म्हणाला.

"उचलला आसंल. दुसऱ्या कुणाच्या तरी घोड्याचा."

तेव्हा मात्र माझा तोल सुटला. "घोडे तुमचे होते ना? मग पुढचा नाल कुठला, मागचा कुठला, एवढंही कळू नये? एकदा तरी पाय उचलून बघितला होता का तुमच्या वडिलांनी? आमच्या घरात आयुष्यभर सुतक पाळलंय हो ह्या माणसानं!" बोलता बोलता मला रडूच आलं. मुलानं पेटी उघडली, चिठ्ठी काढून फाडली आणि विचारलं, "काय लिहू, बाबा?"

"मागल्या पायाचा, येवडंच लिवा."

गाडीत बसल्यावर माझं तोंड थांबेना. जावेला सांगते, हिर्डोशीला चुलत्यांना सांगते, सगळ्या भावकीला सांगते. आई असती तर तिनं आज गावभर साखर वाटली असती. हायवे सोडून भोरच्या रस्त्याला वळलो तरी मी आपली बोलतेच आहे. आण्णा खिडकीबाहेर बघत होते.

"मंग त्यो पडला कशानं गं?"

मी गाडी कडेला घेतली. आण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

"इतकी वर्सं म्या कुणाला इचारलंच न्हाई," ते म्हणाले.