येतो म्हणणारा

मंद्रूपच्या येडू मेंढक्याची लेक दिपाली सोलापुरात एका खासगी दवाखान्याच्या कॉम्प्युटर खोलीत बसायची. बाहेरून कोण जोडलं जातंय, कुणाच्या नावानं, किती वेळ, हे पडद्यावर बघत राहायचं, एवढंच काम. आत असलेल्या प्रत्येकाची एक हिरवी ओळ. बाप म्हणायचा, "म्हंजी वाघरंभवती फिरायचंच काम की, पोरी." वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, तिच्यातलं भोक येडूच्या लेकीला लांबूनही दिसायचं.

त्या दुपारी कुमारची ओळ उगवली. कुमार पुण्याच्या कंपनीतला, मूळचा करमाळ्याचा. रक्त तपासायच्या मशीनचा बिघाड तो तिथूनच काढायचा. दिपालीनं नेहमीसारखं त्याला आत घेतलं. वीस मिनिटांनी अक्षरं उमटली, "काम झाले. मी जातो."

दिपालीचा हात चहाच्या कपावरच थांबला. जातो? तेही दवाखान्यात? 'येतो ताई' लिहिल्याबिगर कुमारनं कधी पाठ फिरवली नव्हती. आणि जातो म्हणणारा गेलाही नव्हता. ओळ हिरवीच होती.

तिनं फोन लावला. कुमार उचलेना.

"सर, ह्यो कुमार न्हाय," ती साहेबांना, महेश्वर सरांना म्हणाली.

"कशावरून?"

"जातो म्हणाला."

सर हसले. "मग काय, ओवाळून पाठवायचं हुतं? बघ हं, तू तोडलंस अन् मशीन बंद पडलं, तर तुझं कायम व्हायचं ऱ्हायलं."

नोकरीला तिसरा महिना चालू होता. पडद्यावर कुमारच्या ओळीपुढं पेशंटांची एक फाईल उघडली. मग दुसरी. पत्ते, फोन नंबर. मशीन दुरुस्त करणाऱ्याला बायाबापड्यांचे पत्ते कशाला?

दिपालीनं ओळ तोडली.

सर मशीनकडं पळाले. ते परत येईपर्यंत फोन वाजला. दिपालीनं तो स्पीकरवर टाकला.

"ताई, फोन केलावता? करमाळ्यात हाय, भनीचा साखरपुडा. लॅपटॉप पुण्यातच ऱ्हायला."

"मग आत्ता तुमच्या नावानं कोण आलंवतं?"

कुमार बाजूला गेला तशी पलीकडची सनई बारीक झाली. मग, "आईशप्पत, मी न्हवं. पासवर्ड बदलून घेतो लगीच."

"मशीन चालू हाय," सर दारातूनच म्हणाले, दिपालीकडं न बघता. "आजपासून फोनवर आवाज ऐकल्याबिगर कुणाला आत घ्यायचं न्हाय. आणि तुझा कायम व्हायचा कागद उद्या आण. सही करतो."

"येतो, ताई," कुमार म्हणाला.

"या," दिपाली म्हणाली, आणि फोन ठेवून तिनं हिरव्या ओळी पुन्हा एकदा मोजल्या.